सह्याद्रीत जोरात ट्रेल मारायचे असतील तर एमटीबीचे टायर कसे निवडायचे

टायर घ्यायला गेलं की बहुतेक जण आधी नक्षी बघतात, मग ब्रँड, मग किंमत, आणि साईडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत कसली आहे हा प्रश्न दुकानातून बाहेर पडल्यावर आठवतो. सह्याद्रीत एमटीबी म्हणजे माउंटन बाइक चालवायची असेल तर हा क्रम बदला. आधी टायरचं कापड म्हणजे केसिंग, मग रबर, मग नक्षी आणि रुंदी सगळ्यात शेवटी, कारण आपल्याकडचा दगड टायर झिजायची वाट बघत नाही, त्याच्या आधीच साईडवॉल चिरून ठेवतो.

हे ज्यांना उतारावर ब्रेक सोडून जायचंय, दगडधोंड्यांतून लाईन काढत जायचंय, छोटे ड्रॉप घ्यायचेत, वळणावर सायकल झोपवायची आहे त्यांच्यासाठी लिहितोय. मग तुमच्याकडे पुढे-मागे दोन्हीकडे १४०-१६० मिमी दबणारी फुल सस्पेन्शन सायकल असो नाहीतर फक्त पुढे १२० मिमीचा सस्पेन्शन फोर्क लावलेली हार्डटेल असो. फॉरेस्टच्या कच्च्या रस्त्याने आरामात फिरायचं असेल तर सायकलबरोबर आलेला २.१ किंवा २.२५ इंच रुंदीचा टायर पुरतो, त्यावर उगाच खर्च करू नका, तेवढ्या पैशात चांगले ब्रेक पॅड आणि चांगलं हेल्मेट येईल.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करून घ्या. यूट्यूबवरचे जे रिव्ह्यू बघून आपण टायर ठरवतो ते बरेचसे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात नाहीतर वेल्स-स्कॉटलंडच्या ओल्या जंगलात केलेले असतात. तिथली माती भुसभुशीत, पानं कुजून झालेली, त्यात नॉब म्हणजे टायरवरचा रबरी खुंट घुसतो आणि धरून ठेवतो. आपल्याकडे नॉबला घुसायला जागाच नसते. त्यामुळे रिव्ह्यूवाला "या टायरला मातीत कमाल पकड आहे" म्हणतो ते खोटं नसतं पण ते आपल्या कामाचं नसतं. रिव्ह्यूमध्ये दगडावर काय झालं, साईडवॉल टिकली का, ब्रेकिंगला कसा आहे, एवढंच ऐका.

आपली जमीन नीट बघितली की अर्धं काम होतं. पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यातल्या टेकड्यांवर आणि घाटमाथ्यावर खाली काळा बेसाल्ट आणि वर मुरमाचा पातळ थर. मुरूम म्हणजे त्याच दगडाचा झिजून झालेला चुरा, बारीक-मोठे खडे, आणि ते कडक जमिनीवर नुसते सुटे पडलेले असतात. ज्वारीचे दाणे सांडलेल्या फरशीवर पाय ठेवल्यावर जे होतं तेच तिथे पुढच्या चाकाचं होतं. दिवाळीपासून मेपर्यंत हे वाढतच जातं, मेमध्ये तर वर पिठासारखी धूळ असते आणि खाली काय आहे ते दिसतही नाही.

कोकणातले सडे, महाबळेश्वर-पाचगणीची पठारं आणि गोवा इथे वर जांभा आहे. कोरड्या जांभ्यावर ग्रिप जबरदस्त, पण तो इतका खरखरीत आणि भोकाभोकांचा असतो की रबर भराभर खातो, आणि त्याच्या कडा धारदार असतात. पावसाळ्यात त्याच जांभ्यावर शेवाळ धरलं की मग कुठलाच टायर शंभर टक्के धरत नाही, तिथे कमी घसरणारा आणि जास्त घसरणारा एवढाच फरक उरतो. आंबोलीसारख्या ठिकाणी जंगलात शिरलं की लाल माती, मुळं आणि पालापाचोळा, ही एकच जागा जी परदेशातल्या व्हिडिओंच्या थोडी जवळ जाते.

देशावरची काळी माती मात्र यातून बाजूला काढा. ती ओली झाली की चाक, फोर्क, चेनस्टे म्हणजे मागच्या चाकाजवळचे फ्रेमचे दांडे सगळं भरून जातं आणि चाक फिरायचंच थांबतं, तिथे टायरचा प्रश्नच उरत नाही. शिवाय ओल्या वाटेवर चाकं घातली की जे खोल चर पडतात ते वाळून कडक होतात आणि पुढचे सहा महिने तिथून चालणाऱ्या माणसांना त्रास होतो. दोन दिवस कडक ऊन पडू द्या, मग जा.

आणि काटे. बाभूळ, बोर आणि वाटेच्या कडेने पसरणारा सराटा, या तिघांनी आपल्याकडे ट्यूबलेस म्हणजे आत ट्यूब न घालता चालवायचा टायर ही चैन राहू दिलेली नाही. त्यावर पुढे येतो.

आता केसिंग. टायर म्हणजे मुळात नायलॉनच्या धाग्यांचं कापड आणि त्यावर चढवलेलं रबर. एका इंचात किती धागे बसवलेत तो आकडा म्हणजे टीपीआय, टायरवर किंवा खोक्यावर लिहिलेला असतो. ६० टीपीआय म्हणजे धागे जाड, १२० म्हणजे धागे बारीक आणि कापड मऊ, जे दगडाच्या आकाराप्रमाणे वाकतं. पण नुसत्या या आकड्यावरून टायर दणकट की नाजूक ते कळत नाही. मॅक्सिस कंपनीचं डबलडाऊन केसिंग १२० टीपीआयचंच असतं, फक्त कापडाचे दोन थर असतात, त्यामुळे ते त्यांच्याच एक्सो या एकाच थराच्या ६० टीपीआय केसिंगपेक्षा कितीतरी जास्त मार खातं. म्हणून विचारायचं ते हे की थर किती आणि साईडवॉलला वेगळं संरक्षण आहे का.

प्रत्येक कंपनीने याला आपापली नावं दिलीत आणि दुकानात तिथेच गोंधळ होतो. मॅक्सिसमध्ये हलक्यापासून जडपर्यंत एक्सो, एक्सो प्लस, डबलडाऊन आणि डीएच. श्वाल्बेमध्ये सुपर ग्राउंड, सुपर ट्रेल, सुपर ग्रॅव्हिटी, सुपर डाउनहिल. कॉन्टिनेंटलमध्ये ट्रेल, एन्ड्युरो, डाउनहिल. स्पेशलाइज्डमध्ये ग्रिड, ग्रिड ट्रेल, ग्रिड ग्रॅव्हिटी. हे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत पण पायरी कुठली आहे एवढं यावरून कळतं. यातली सगळ्यात खालची पायरी आपल्या डोंगरात जोरात चालवायला मागच्या चाकाला घेऊच नका असं माझं ठाम मत आहे. तुमचं वजन ६० किलोच्या आत असेल आणि तुम्ही अगदी हलक्या पायाने, लाईन बघून चालवत असाल तर ठीक, नाहीतर नाही.

पुढे एक पायरी हलकं आणि मागे एक पायरी जड, हा नियम आपल्याकडे सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. पुढचं चाक तुम्ही बघून नेता, गरज पडली तर उचलता, मागचं चाक मात्र त्याच दगडावर तुमचं सगळं वजन घेऊन आपटत येतं. हार्डटेलवर तर मागे सस्पेन्शनच नाही म्हणजे पहिला धक्का टायरच खातो. त्यामुळे पुढे एक्सो प्लस आणि मागे डबलडाऊन, किंवा पुढे सुपर ट्रेल आणि मागे सुपर ग्रॅव्हिटी, किंवा कॉन्टिनेंटलचं पुढे ट्रेल आणि मागे एन्ड्युरो, यातली कुठलीही जोडी घ्या, चालेल.

वजनाची किंमत मोजावी लागते हे खरंय. २९ इंची २.४-२.५ चा एका थराचा टायर साधारण एक किलोच्या आसपास असतो, दोन थरांचा बाराशे-तेराशे ग्रॅमपर्यंत जातो. चढावर ते वजन पायाला कळतं, विशेषतः आपल्याकडे जिथे लिफ्ट नाही की शटल नाही, चढ स्वतःच चढायचा आणि मगच उतार मिळतो. तरीही साईडवॉल फाटून पाच-सहा किलोमीटर उन्हात सायकल ढकलत, कुठल्यातरी वाडीपर्यंत चालत येणं आणि तिथून टेम्पो शोधणं यापेक्षा ते दोनशे-तीनशे ग्रॅम परवडले. आणि बारीक भोक सीलंट म्हणजे ट्यूबलेस टायरच्या आत ओतलेला द्रव बुजवतो पण दगडाने साईडवॉलला पाडलेली सेंटिमीटरभर चीर तो बुजवत नाही, प्लग म्हणजे भोकात खुपसायची रबरी वात मारली तरी साईडवॉल सतत वाकत असल्याने ती टिकेलच असं नाही. म्हणून पैसे थोडेच असतील तर ते आधी मागच्या केसिंगमध्ये घाला.

रबराकडे वळू. मऊ रबर दगडाला चिकटतं, उसळत नाही, पण हळू पळतं आणि लवकर झिजतं. कडक रबर त्याच्या उलट. कडकपणा शोअर स्केलवर मोजतात, आकडा जितका कमी तितकं रबर मऊ, ४२ च्या आसपास म्हणजे अगदी मऊ आणि ६० च्या पुढे म्हणजे कडक. आता कंपन्या आकडे फारसे लिहीत नाहीत, नावं देतात. मॅक्सिसमध्ये मॅक्सग्रिप सगळ्यात मऊ, मॅक्सटेरा मधलं, ड्युअल कडकाकडे झुकणारं. श्वाल्बेवाल्यांनी सोपं केलंय, टायरवर रंगाची रेघ असते, जांभळी म्हणजे अल्ट्रा सॉफ्ट, केशरी म्हणजे सॉफ्ट, निळी म्हणजे स्पीडग्रिप, लाल म्हणजे स्पीड, याच क्रमाने मऊपासून कडकाकडे. कॉन्टिनेंटलमध्ये सुपरसॉफ्ट, सॉफ्ट आणि एन्ड्युरन्स.

इथे हवामानाचा विचार करा. रबर थंडीत कडक होतं आणि उन्हात मऊ. युरोपात पाच-सात डिग्रीला सकाळी राईडला निघणाऱ्याला जे मऊ रबर लागतं ते आपल्याला मार्च-एप्रिलच्या उन्हात, तापलेल्या बेसाल्टवर लागत नाही, तिथे मधलं रबरही पुरेसं चिकटतं. आणि सगळ्यात मऊ रबर मागे लावलं तर आपला दगड आणि मुरूम त्याचे नॉब एका सीझनमध्येच गोल करून टाकतो. म्हणून कोरड्या दिवसांत पुढे मॅक्सटेरा किंवा केशरी रेघवालं, मागे ड्युअल, मॅक्सटेरा किंवा निळी रेघ. पावसाळ्यात पुढे सगळ्यात मऊ, मागे मधलं. मागचं चाक थोडं घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की आपण जमिनीवर, त्यामुळे रबराचा पैसा कायम पुढे घालायचा.

पावसाळ्याबद्दल जरा थांबून सांगतो कारण इथे खूप जण फसतात. पाऊस आला म्हणून उंच, लांब-लांब नॉबचा चिखलाचा टायर घेतात. तो टायर खोल चिखलासाठी असतो, जिथे नॉब खोल आत जाऊन खालची घट्ट माती पकडतो. आपल्याकडे डोंगरात चिखल असतो पण तो पातळ असतो, त्याच्याखाली लगेच ओला दगड. उंच नॉब दगडावर उभा राहतो, भार आला की वाकतो आणि मग घसरतो. म्हणजे ज्यासाठी घेतला तिथेच तो कमी पडतो. ओल्या बेसाल्टवर आणि जांभ्यावर काम करतं ते मऊ रबर, जमिनीला जास्तीत जास्त टेकणारे मध्यम उंचीचे नॉब, त्या नॉबवर कापलेल्या बारीक फटी आणि नेहमीपेक्षा एक-दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी हवा. नक्षी बदलण्याऐवजी रबर बदला. शेवाळाच्या दगडावर मात्र ब्रेक न लावता, सायकल सरळ उभी ठेवून, वळण न घेता पार व्हायचं, तिथे टायरकडून अपेक्षा ठेवू नका.

नक्षी बघताना टायरचे तीन पट्टे वेगळे-वेगळे बघायचे. मधला पट्टा, कडेचा पट्टा आणि त्या दोघांच्या मधली जागा. मधल्या नॉबची पुढची कड उतरती कापलेली असेल तर टायर पळतो, मागची कड उभी आणि चौकोनी असेल तर ब्रेक लागतो. कडेचे नॉब जाड आणि बुडाशी रुंद पाहिजेत, बोटाने दाबून बघा, सहज वाकत असतील तर मुरमावर सायकल झोपवल्यावर ते दुमडणार.

मधली जागा हा खरा स्वभाव ठरवणारा भाग आहे. मॅक्सिस मिनियन डीएचएफमध्ये मधल्या आणि कडेच्या नॉबच्या मध्ये मोकळी पट्टी आहे, सायकल नीट झोपवली की कडेचे नॉब असे पकडतात की पुढच्या चाकावर पूर्ण विश्वास टाकता येतो, पण अर्धवट झोपवली तर त्या मोकळ्या जागेवर क्षणभर काहीच धरत नाही असं वाटतं. नवख्या माणसाला तिथेच भीती वाटते, तो सायकल उभी करतो आणि मग वळण चुकतं. मॅक्सिसच्याच असेगाईमध्ये, जो दक्षिण आफ्रिकेच्या डाउनहिल रेसर ग्रेग मिनारबरोबर बनवला आणि २०१८ मध्ये आला, त्या मोकळ्या जागेत नॉब भरलेले आहेत, त्यामुळे सरळपासून झोपवण्यापर्यंत पकड एकसारखी मिळते. तो जरा जड पळतो. सुट्या मुरमावर पुढे असेगाई हीच माझी पहिली पसंती, आणि ज्याला सायकल बिनधास्त झोपवता येते त्याला डीएचएफ जास्त आवडेल.

मागे काय लावायचं ते तुमच्या चढाच्या लांबीवर ठरवा. मॅक्सिसचा मिनियन डीएचआर टू हा ब्रेकिंगसाठी सगळ्यात भरवशाचा, त्याचे मधले नॉब आडवे फावड्यासारखे काम करतात आणि सिंहगडाच्या बाजूच्या उतारांसारख्या तीव्र मुरमाच्या उतारावर ते लागतंच. त्यांचेच डिसेक्टर आणि अॅग्रेसर जरा पळणारे, लांब चढ आणि मधूनमधून डांबरी रस्ता असेल तर बरे. श्वाल्बेमध्ये पुढे मॅजिक मेरी, मागे बिग बेटी किंवा हान्स डाम्फ. कॉन्टिनेंटलने २०२२ मध्ये पूर्ण रेंजच नवीन आणली त्यातलं क्रिप्टोटल आपल्याला सगळ्यात जवळचं, त्यात पुढचा आणि मागचा टायर वेगळा मिळतो, घेताना नीट बघून घ्या. झायनोटल कडक कोरड्या जमिनीसाठी आहे, म्हणजे जानेवारी ते मे मागच्या चाकाला छान. हायड्रोटल चिखलाचा आहे, त्याची आपल्याला गरज नाही, कारण वर सांगितलंच.

मधे जवळजवळ गुळगुळीत आणि फक्त कडेला नॉब असलेले टायर मिळतात, काही जण मागे लावतात कारण पळतात भारी. मुरमाच्या उतारावर ब्रेक दाबला की असा टायर नुसता सरकत राहतो. नका घेऊ.

श्वाल्बेने २०२४ मध्ये रेडियल बांधणीचे टायर आणलेत, अल्बर्ट वगैरे. त्यात धाग्यांचा कोन वेगळा असतो म्हणून टायर दगडाभोवती जास्त वाकतो, ग्रिप छान मिळते, पण त्यात नेहमीपेक्षा जास्त हवा भरावी लागते. ज्यांना बदलायचेच आहेत आणि बजेट आहे त्यांनी बघायला हरकत नाही.

रुंदीत फार डोकं घालायची गरज नाही, तुमची रिमच सांगते. रिम आतून किती रुंद आहे ते मोजा, बाहेरून नाही. ३० मिमी असेल तर २.४ ते २.५, २५ मिमी असेल तर २.३ ते २.४. आपल्याकडच्या बऱ्याच मिड-रेंज हार्डटेलच्या रिम आतून १९ ते २१ मिमीच असतात, त्यावर २.२५ च्या पुढे जाऊ नका, टायर वर फुगलेला आणि खाली निमुळता होतो आणि वळणावर डोलतो. मॅक्सिसच्या टायरवर डब्ल्यूटी लिहिलेलं असेल तर तो ३०-३५ मिमीच्या रिमसाठी काढलेला आहे. आणि मागे फ्रेममध्ये जागा बघा, टायरच्या दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी मोकळी पाहिजे, पावसाळ्यात चालवणार असाल तर अजून.

साईज वाचताना इंचावर जाऊ नका, साईडवॉलवर ६१-६२२ असा आकडा असतो तो बघा. पहिला टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रिमचा व्यास. ६२२ म्हणजे २९ इंची, ५८४ म्हणजे २७.५, ५५९ म्हणजे जुनी २६. ऑनलाईन मागवताना हा आकडा जुळला म्हणजे परत पाठवायची वेळ येत नाही.

ऑनलाईन घेताना अजून एक. फोल्डिंग म्हणजे घडी होणारा टायर घ्या, कडेत तार असलेला नको, आणि ट्यूबलेस रेडी लिहिलेलंच घ्या. मॅक्सिसवर टीआर लिहितात. एकाच नावाच्या टायरचे केसिंग आणि रबर मिळून सात-आठ प्रकार असतात आणि स्वस्तात मिळणारा असेगाई किंवा डीएचआर टू बऱ्याचदा खालच्या केसिंगचा आणि कडक रबराचा असतो, नाव बघून भुलू नका. दुकानात पडून राहिलेला जुना स्टॉक असेल तर साईडवॉल वाकवून बारीक भेगा दिसतात का बघा, नॉबवर नख दाबून बघा, आपल्या गोडाऊनच्या उन्हाळ्यात रबर कडक होतं.

ट्यूबलेस कराच. बाभळीच्या काट्याने ट्यूब गेली की पंक्चर काढायचं, दहा मिनिटांनी सराट्यावरून गेलं की परत काढायचं, असं करत राईड संपते. ट्यूबलेसमध्ये तोच काटा घुसतो, सीलंट जरा बाहेर येतं आणि बंद होतं, बऱ्याचदा कळतही नाही. त्याहून मोठा फायदा असा की हवा कमी ठेवता येते, कारण ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये चेंगरून दोन चिरा पडायची भीती उरत नाही. रिम ट्यूबलेस रेडी असेल तर टेप, वॉल्व आणि सीलंट एवढंच लागतं. २९ इंचीत १०० ते १२० मिली घाला. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, आपल्या उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी टायर हलवून आतमध्ये पाणी डचमळल्याचा आवाज येतो का बघा, नसेल येत तर ६०-७० मिली अजून टाका.

चढवताना टायरची कड दोन्ही बाजूंनी रिमच्या मधल्या खोल खोबणीत दाबून घ्या, तरच शेवटचा भाग हाताने चढतो, लिव्हर लागत नाही. मग एकदम जोरात हवा लागते, पायपंपाने बसला तर ठीक नाहीतर पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर वापरा, प्रेस्टा म्हणजे बारीक, मोटरसायकलपेक्षा वेगळ्या वॉल्वसाठी छोटा पितळी अडॅप्टर खिशात ठेवा आणि त्याला सांगा की मोटरसायकल नाहीये, हळू मार. रिमवर आणि टायरवर जास्तीत जास्त प्रेशर लिहिलेलं असतं त्यातलं जे कमी ते पाळा. टॅक-टॅक आवाज करत कड बसते. बसल्यावर टायरच्या कडेची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते ना ते फिरवून बघा. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, तोही चढवायच्या आधीच बघून घ्या.

प्रेशर. चांगला टायर चुकीच्या हवेत वाईट वागतो, म्हणून हे टायर निवडण्याचाच भाग समजा. सामानासकट ७५ किलोचा माणूस, २९ इंची, २.४ चा टायर, ट्यूबलेस, तर सुरुवात पुढे २२ आणि मागे २५ पीएसआयपासून करा. वजनात पाच किलोचा फरक असेल तर साधारण एक पीएसआय वर-खाली. हार्डटेल असेल तर मागे एक-दोन जास्त. ट्यूब असेल तर दोन्हीकडे चार-पाच जास्त. तिथून एक-एक पीएसआयने बदलत जा आणि एकाच उतारावर परत-परत उतरून बघा. दगडावर रिमचा ठक्क आवाज यायला लागला किंवा वळणावर टायर खालून सरकल्यासारखा डोलला तर वाढवा. सायकल दगडांवरून टणाटण उडत असेल, हात लवकर भरून येत असतील आणि ओल्या दगडावर पुढचं चाक तरंगल्यासारखं वाटत असेल तर कमी करा. पंपावरचा काटा एवढ्या कमी प्रेशरला नीट दाखवत नाही, छोटा डिजिटल गेज घ्या, सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त फरक त्याच्याने पडतो.

हवा घरी भरून निघणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. तापमान १० अंशांनी वाढलं की या प्रेशरला साधारण एक-सव्वा पीएसआय वाढतो, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे भरलेली हवा अकराच्या उन्हात जास्त झालेली असते. आणि मुंबईत समुद्राच्या पातळीवर भरून महाबळेश्वरला साधारण १३५० मीटरवर गेलात तर बाहेरची हवा विरळ झाल्यामुळे टायर जवळपास दोन पीएसआयने कडक होतो. दोन पीएसआय हा खूप मोठा फरक आहे, वर पोचल्यावर गेज लावूनच उतरायला सुरुवात करा.

बरोबर प्लग किट, छोटा पंप, एक ट्यूब आणि जुन्या टायरचा हातभर तुकडा ठेवा, साईडवॉल फाटली तर आतून तो तुकडा लावून ट्यूब टाकता येते. पण ट्यूब टाकायच्या आधी एक काम करायलाच पाहिजे. ट्यूबलेस टायरमध्ये महिनोन्महिने काटे घुसून सीलंटने जागच्या जागी बसलेले असतात, बाहेरून ते दिसत नाहीत. तशीच ट्यूब घातली तर फुगवल्याबरोबर ती त्या सगळ्यांवर बसते आणि एकाच वेळी चार ठिकाणी पंक्चर होते. म्हणून आतून जाड फडकं किंवा ग्लोव्ह घालून हात पूर्ण गोल फिरवा आणि प्रत्येक टोक मागे ढकलून काढा. घाई असली तरी हे करा, ट्यूब एकच असते.

बजेट कमी असेल तर दोन्ही एकदम घेऊ नका. मागचा टायर आधी झिजतो. तो गेला की पुढचा अर्धा झिजलेला काढून मागे लावा आणि नवीन पुढे घ्या, म्हणजे पुढे कायम ताजे नॉब राहतात. फक्त यात तो पुढचा टायर मागे लावण्याइतक्या केसिंगचा पाहिजे, म्हणून ही पद्धत वापरायची असेल तर सुरुवातीपासून दोन्हीकडे निदान एक्सो प्लस किंवा त्याच्या बरोबरीचं घ्या.

टायर कधी बदलायचा ते मधल्या नॉबवरून ठरवतात, पण पुढच्या चाकाचं तसं करू नका. पुढचे मधले नॉब बरेच दिवस चांगले दिसतात आणि कडेचे नॉब मात्र बुडापाशी चिरायला लागलेले असतात, बेसाल्टवर झोपवून-झोपवून. महिन्यातून एकदा चाक धुतल्यावर कडेचा प्रत्येक नॉब अंगठ्याने बाहेरच्या बाजूला दाबा. बुडाशी भेग उघडताना दिसली तर तो टायर पुढून काढा. मागे लावून अजून दोन-तीन महिने वापरा, किंवा रोजच्या रस्त्यावरच्या सायकलला टाका. मागच्या चाकाला मात्र मधल्या नॉबची ब्रेकिंगची कड गोल झाली की उतारावर चाक लॉक व्हायला लागतं, हे हाताला लगेच कळतं, तेव्हा बदला. आणि कुठल्याही टायरला कापडाचे धागे दिसायला लागले, किंवा हवा भरल्यावर एका जागी फुगवटा आला, तर नॉब कितीही चांगले असोत, तो टायर परत डोंगरात नेऊ नका.